चक्कर, कमी ऐकू येणं आणि न ठरलेलं निदान: यात नव्याने पडलेल्यांसाठी

माझ्या फाइलवर सहा वर्षांत तीन आजारांची नावं लिहिली गेली आणि तिन्हींच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं. त्यातलं एक पुढे खोडलं गेलं, एक पुसट झालं, एक अजून आहे. मधल्या काळात माझा डावा कान बराचसा गेला आणि चक्कर कमी झाली. पहिलं दीड वर्ष मी एकाच गोष्टीची वाट बघण्यात घालवलं: नेमकं काय झालंय ते एकदा कळू दे, मग पुढचं बघू. ते दीड वर्ष फुकट गेलं. निदान ठरायच्या आधीच करण्यासारखं पुष्कळ असतं. ते कोणत्या क्रमाने करावं हे तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आधी हे बघा: थांबून चालणार आहे का?

बहुतेक वेळा चक्कर घाबरवते, पण जिवावर बेतत नाही. दोन प्रसंगी मात्र उद्यावर ढकलायचं नाही.

पहिला प्रसंग म्हणजे एका कानाने एकाएकी कमी ऐकू येणं. सकाळी उठावं तर कानाला दडा बसलेला. आपण म्हणतो मळ असेल, सर्दी असेल, जाईल दोन दिवसांत. वैद्यकात याची व्याख्या अशी आहे: ७२ तासांच्या आत, सलग तीन स्वरांवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट. हे आंतरकर्णाचं दुखणं असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त होतो. दोन आठवडे उलटले की ती आशा बरीच कमी होते. घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. तोंड मिटून 'हंऽऽ' असा सूर धरा. मळामुळे किंवा सर्दीमुळे कान बंद असेल तर तो सूर बहुधा बंद कानातच मोठा वाटतो. आंतरकर्ण किंवा नस दुखावली असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा आणि फोनवरच सांगा की कान एकाएकी गेला आहे, म्हणजे पुढच्या आठवड्याची वेळ मिळणार नाही. सूर बंद कानाकडे गेला किंवा कुठे जातोय ते कळलंच नाही, तरी कान तपासून घ्याच. ही चाचणी डॉक्टरांची जागा घेत नाही.

दुसरा प्रसंग मेंदूचा. चक्कर येत असतानाच एका वस्तूच्या दोन दिसणं, जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, गिळता न येणं, कधीच झाली नाही अशी डोकेदुखी, किंवा आधार धरूनही उभं राहता न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी पक्षाघात समजून थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आयुष्यात पहिल्यांदाच आलेली, न थांबणारी गरगर आणि त्याच वेळी गेलेला कान, हेसुद्धा तिथेच न्यायचं. आंतरकर्णाला रक्त नेणारी बारीक धमनी बहुधा मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या धमनीचीच शाखा असते, त्यामुळे 'कानाचंच असेल' असं घरी बसून ठरवता येत नाही.

पहिली पायरी: 'चक्कर' हा शब्द फोडा

आपण मराठीत चक्कर या एकाच शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. घर, पंखा, भिंत सगळं फिरतंय, हे गरगरणं. पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असं वाटतं, ती भोवळ, आणि तिचं मूळ पुष्कळदा रक्तदाबात असतं. बसल्या जागी सगळं ठीक, पण चालताना एका बाजूला झोक जातो, हे तोल जाणं. डोकं हलकं, जमीन मऊ, होडीतून नुकतंच उतरल्यासारखं, हे तरंगणं. डॉक्टरांसमोर 'चक्कर' हा शब्द न वापरता काय होतं ते सांगून बघा. सुरुवातीला जड जातं, पण त्याचा फार फायदा होतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. गरगरणं किती टिकतं यावर अर्धं निदान उभं असतं:

काही सेकंद, एका मिनिटाच्या आत, आणि कूस बदलली, वर बघितलं, अंथरुणात आडवं झालं की सुरू. हे बहुधा आंतरकर्णातल्या कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचं काम. ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. यात कान जात नाही.

वीस मिनिटं ते बारा तास, सोबत एका कानात दडा, वाढलेला आवाज आणि कमी-जास्त होणारं ऐकू येणं. हे चित्र मेनिएरच्या आजाराचं.

पाच मिनिटं ते तीन दिवस यांमध्ये कितीही, सोबत प्रकाश आणि आवाज सहन न होणं, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या रेघा. हे व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोलाच्या यंत्रणेला त्रास देणाऱ्या, मायग्रेनकडे बोट दाखवतं. दर वेळी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही, आणि इथेच लोक चकतात.

एकदाच आलेली, दिवसच्या दिवस टिकलेली भयंकर गरगर, मग आठवडाभराने हळूहळू उतार. हा तोलाच्या नसेचा दाह. त्याच्यासोबत ऐकूही गेलं तर संपूर्ण आंतरकर्णाचा.

तीन महिने किंवा जास्त, जवळजवळ रोज, उभं राहिल्यावर आणि गर्दीत, फोनचा पडदा सरकवताना वाढणारं तरंगणं. याला पीपीपीडी असं स्वतंत्र नाव आहे आणि २०१७ पासून त्याचे आंतरराष्ट्रीय निकषही आहेत. ते 'मनाचे खेळ' नाहीत. मूळ दुखणं शमल्यावरही मेंदू सावधगिरीच्या पवित्र्यात अडकून राहतो, असा तो प्रकार.

मी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, "दिवसभर चक्कर होती." प्रत्यक्षात गरगरणं चाळीस मिनिटांचं होतं. उरलेला दिवस उलट्यांनंतरच्या थकव्याचा आणि लडखडण्याचा. माझ्या त्या एका वाक्याने फाइल चुकीच्या वाटेला लागली आणि परत यायला सात-आठ महिने गेले. चूक डॉक्टरांचीही होती, त्यांनी उलटा प्रश्न विचारला नाही. पण वाक्य माझं होतं.

दुसरी पायरी: वही

अॅप वापरा किंवा साधी वही. प्रत्येक झटक्यापुढे इतकंच लिहा: तारीख, गरगरणं सुरू झालं आणि थांबलं ती वेळ, कोणत्या कानात काय (दडा, आवाज, कमी ऐकू येणं), डोकं, प्रकाश, आवाज यांचा त्रास, आधी काय चाललं होतं, कोणती गोळी घेतली. स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी. मायग्रेनचा त्यात कधी कधी धागा सापडतो. झटका नसलेल्या दिवशी फक्त एक टिंब. पानभर लिहिलंत तर तिसऱ्या आठवड्यात सोडून द्याल.

दोन गोष्टी वहीत मावत नाहीत, त्या फोनने करा. झटका चालू असताना घरच्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यांचा व्हिडिओ घ्यायला सांगा. उजेड भरपूर, कॅमेरा जवळ, अर्धा मिनिट सरळ बघा, मग डावीकडे, मग उजवीकडे. आंतरकर्ण बिघडला की बुबुळं ठरावीक दिशेने झटके देतात, आणि त्या झटक्यांची दिशा जाणकाराला खूप काही सांगते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते थांबलेलं असतं. तपासायच्या दिवशी आपण नेमके ठणठणीत, हा या दुखण्याचा खास खोडसाळपणा.

दुसरं, रोज सकाळी फोनची एकच घंटा त्याच आवाजावर आधी एका आणि मग दुसऱ्या कानाला लावून ऐका. कान कमी-जास्त होतोय का ते कळतं. कधी कधी एकच घंटा दोन कानांना दोन वेगळ्या सुरांत ऐकू येते. मला वाटलं होतं फोन बिघडला. तोही आंतरकर्णाचाच प्रताप असतो, लिहून ठेवा.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची

आंतरकर्ण शरीरातल्या सगळ्यात कठीण हाडाच्या आत बसलेला आहे. शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी ऐकण्यासाठी, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन इवल्या पिशव्या तोलासाठी, आणि या सगळ्यांतला द्रव एकमेकांशी जोडलेला असतो. म्हणून ऐकणं आणि तोल एकदमच बिघडतात. तिथला तुकडा काढून तपासता येत नाही; काढला तर कानच जाईल. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तपासणी आत काय चाललंय त्याचा बाहेरून घेतलेला अंदाज असते.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ऑडिओग्राम. आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे जाडा ते बारीक सूर, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. उभ्या रेषेवर आवाजाची पातळी डेसिबलमध्ये, आणि खाली जाल तितकं ऐकू येणं कमी. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. सगळी चिन्हं कागदावर २० ते २५ डेसिबलच्या रेषेच्या वरच्या बाजूला असतील तर कान ठीक. वयाने किंवा कामावरच्या गोंगाटाने गेलेला कान उजवीकडे, म्हणजे बारीक सुरांवर, खाली घसरतो. मेनिएरमध्ये सुरुवातीला उलट होतं, डावी बाजू पडते. त्यामुळे पुरुषी आवाज, स्वर, इंजिनाची घरघर आधी मंद होते. आलेखाखाली शब्द किती टक्के ओळखले तो आकडाही असतो, तो वाचायला विसरू नका. आवाज पोहोचतो पण शब्द कळत नाही, ही तक्रार तिथे दिसते.

ऑडिओग्राम हा एका दिवसाचा फोटो आहे. सुरुवातीच्या वर्षांत कान झटक्यात जातो आणि चार दिवसांनी परत येतो. ठणठणीत दिवशी काढलेला आलेख सरळ येतो आणि मग सगळे म्हणतात, कान तर उत्तम आहे. म्हणून आधीच ठरवून ठेवा की कान वाईट असेल त्या दिवशी, उभं राहता येऊ लागलं की लगेच, तपासणीला कुठे जायचं. माझं प्रश्नचिन्ह अर्धं मिटलं ते अशाच एका दिवशी, भिंत धरत काढलेल्या आलेखामुळे. प्रत्येक आलेखाची प्रत स्वतःजवळ ठेवा.

एमआरआय बहुतेकांना सांगतात, आणि दोन कानांच्या ऐकण्यात फरक असेल तर तो करूनच घ्यावा. ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर हळू वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ असू शकते, तिला वगळायचं असतं. बहुतेकांना अहवाल 'सामान्य' मिळतो आणि हिरमोड होतो. माझाही झाला. पण गाठ नाही, हे नुसतं समाधान नसून निदानाचा भाग आहे.

तोलाच्या तपासण्यांत कानात कोमट आणि गार पाणी किंवा हवा सोडून डोळ्यांच्या हालचाली मोजतात. चष्म्यासारखा कॅमेरा लावून मान झटकन वळवून बघतात, आणि मोठ्या आवाजाला मानेच्या किंवा डोळ्याच्या स्नायूची प्रतिक्रिया टिपतात. पाण्याच्या तपासणीत दोन मिनिटं गरगरतं, ते अपेक्षितच आहे. सोबत कुणाला तरी न्या. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या किती तास आधी थांबवायच्या ते आधी विचारून घ्या, नाहीतर आकडे चुकतात. एक तपासणी बिघडलेली आणि दुसरी ठीक आली तर गोंधळू नका. पाण्याची चाचणी अगदी संथ हालचालीचं काम मोजते आणि मानेची चाचणी वेगवान हालचालीचं. मेनिएरमध्ये असा विसंवाद बऱ्याचदा दिसतो.

आणि आडवं करून मान वळवण्याची डिक्स-हॉलपाइक चाचणी कुणी केली नसेल तर स्वतःहून मागा. कण सुटले असतील तर एपलीच्या पद्धतीने ठरावीक क्रमाने डोकं फिरवून ते काही मिनिटांत जागेवर नेता येतात. दुसरं काही दुखणं असणाऱ्यांनाही हे कणांचं प्रकरण वरून होऊ शकतं. सगळ्या यादीत लगेच बरं करता येईल असं हेच आहे, ते राहून जाऊ नये.

चौथी पायरी: प्रश्नचिन्हासोबत राहणं

१८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यांनी मांडलं की अशी गरगर आंतरकर्णातून येऊ शकते. तोवर ती मेंदूतल्या रक्तदाटीची मानली जायची आणि उपचारही तसेच चालायचे. आंतरकर्णातला द्रव साचून फुगवटा येतो हे मृत रुग्णांच्या कानांच्या हाडांत दिसायला १९३८ उजाडलं. १९९५ च्या अमेरिकी निकषांत तर 'खात्रीचा मेनिएर' हा वर्ग फक्त त्यांच्यासाठी होता, ज्यांच्या कानाचं हाड सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. म्हणजे खात्री हवी असेल तर बहुधा मरावं लागायचं. हे वाचल्यावर मी खूप दिवसांनी हसले.

आज २०१५ चे निकष चालतात. त्यांत दोन पायऱ्या आहेत, 'निश्चित' आणि 'संभाव्य'. निश्चितसाठी आपोआप आलेले, वीस मिनिटं ते बारा तासांचे किमान दोन झटके लागतात, त्याच कानात कमी-जास्त होणारी लक्षणं लागतात, आणि जाड्या ते मधल्या सुरांची घट निदान एकदा तरी आलेखावर पकडलेली लागते. ती पकडली गेली नसेल तर संभाव्य. तुमच्या कागदावर 'संभाव्य' असेल तर डॉक्टर टाळाटाळ करताहेत असं नाही, निकषच तसे आहेत. वर मायग्रेन आणि मेनिएर एकाच माणसात असू शकतात. काहींना वर्षानुवर्षं फक्त कान, काहींना फक्त चक्कर, आणि दुसरं लक्षण मागाहून. दोन्ही कान काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भराभर खाली जात असतील तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. शरीराची संरक्षणयंत्रणाच आंतरकर्णावर उलटली आहे का, ते बघतात. स्वतःच्या पावलांचे किंवा डोळे फिरल्याचे आवाज कानात घुमत असतील, मोठ्या आवाजाने गरगरत असेल, तर वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड विरलंय का यासाठी सीटी स्कॅन काढतात. हे प्रश्न स्वतःहून विचारा.

प्रत्येक भेटीत दोनच प्रश्न लिहून न्यावेत, असं मी शिकले. 'आता तुम्हाला कोणतं निदान सर्वात जास्त वाटतं आणि कशावरून?' आणि 'काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?' दुसऱ्या प्रश्नाने डॉक्टर खुर्चीत थोडे पुढे सरकतात. दोन-तीन डॉक्टरांकडे जायला हरकत नाही. दहा नकोत, कारण प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो आणि बदल कुणालाच दिसत नाही.

पाचवी पायरी: झटका आला तर

बसा किंवा आडवे व्हा, जिथे असाल तिथे, लाज न बाळगता. उशी थोडी उंच, डोकं स्थिर, नजर एका न हलणाऱ्या बिंदूवर. डोळे मिटून गरगर वाढत असेल तर उघडे ठेवा. उलटीची पिशवी आणि मळमळीची डॉक्टरांनी दिलेली गोळी पलंगाशी, कामाच्या ठिकाणी आणि पिशवीत, तीन ठिकाणी ठेवा. उलटीत गोळी टिकत नसेल तर जिभेखाली किंवा ओठाआड विरघळणारी मिळते का ते विचारा. पाणी घोटाघोटाने. शौचालयाला एकट्याने जाऊ नका, तिथेच माणसं पडतात. थांबल्यावर झोप येते, येऊ द्या.

घरच्यांना एकदा शांतपणे सांगून ठेवा: मला हलवू नका, 'आता कसं वाटतंय' दर मिनिटाला विचारू नका, दिवा मंद करा, वेळ लिहा.

काही जणांना गरगरल्याशिवायच कुणी ढकलल्यासारखं खाली पडायला होतं, शुद्ध जात नाही. हे दुर्मीळ आहे, पण एकदाही झालं तरी पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न बघता कळवा. उपचाराचा बेत त्याने बदलतो.

सहावी पायरी: गोळ्या, मीठ, इंजेक्शनं

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या झटक्यापुरत्या, फार तर दोन-तीन दिवस. मी त्या चार महिने रोज घेतल्या, कारण थांबवा असं कुणी म्हटलं नाही. त्या तोलाच्या संदेशांनाच झोपवतात, आणि मेंदूला बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला तेच संदेश लागतात.

बीटाहिस्टिन बहुतेकांना मिळतं. २०१६ साली जर्मनीत झालेल्या मोठ्या चाचणीत मेनिएरच्या २२१ रुग्णांना नऊ महिने बीटाहिस्टिनचा कमी डोस, जास्त डोस किंवा औषध नसलेली नुसती पोकळ गोळी दिली. झटके तिन्ही गटांत सारखेच कमी झाले. यातून मी एवढंच घेतलं की हे दुखणं आपसूक वर-खाली होतं, त्यामुळे उतारावर असताना जे कराल ते लागू पडल्यासारखं वाटतं. परिचितांनी सांगितलेल्या प्रत्येक रामबाण उपायाला हीच चाळणी लावा. बीटाहिस्टिनने तुम्हाला बरं वाटत असेल तर डॉक्टर ते चालू ठेवतील, त्यात बिघडत नाही.

मीठ कमी करा असं सगळेच सांगतात. मेनिएरमध्ये त्याचा ठोस पुरावा नाही, पण प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवावं हे जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांनाच सांगते, तेव्हा तेवढं करावं. झोपेच्या अनियमित वेळा आणि उपाशी राहणं मायग्रेनवाल्यांना हमखास भोवतं. मला तर मिठापेक्षा झोप सांभाळल्याचा फरक जास्त पडला.

कानाच्या पडद्यातून स्टेरॉइड किंवा जेंटामायसिन टोचण्याचा विषय निघेल. दोन्ही एकाच सुईने देतात म्हणून एकसारखी समजू नका. जेंटामायसिन हे प्रतिजैविक तोलाच्या पेशी मुद्दाम मारतं, ऐकू येणंही कमी होण्याचा धोका असतो, आणि माणसाच्या आंतरकर्णातल्या या पेशी हवं तेवढं काम करतील अशा पुन्हा उगवत नाहीत. निदान डळमळीत असताना, दुसऱ्या कानाची स्थिती माहीत नसताना, परत न फिरता येणाऱ्या उपचाराची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच कारणाने दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा की एक कान दुखावलेला आहे. काही प्रतिजैविकं, काही कर्करोगाची औषधं आणि शिरेतून मोठ्या प्रमाणात दिलेली काही लघवी वाढवणारी औषधं कानाला घातक ठरतात, आणि बऱ्याचदा पर्याय उपलब्ध असतो.

सातवी पायरी: तोल पुन्हा शिकवणं

तोल तीन पायांवर उभा असतो: कान, डोळे, आणि तळपायांतून सांध्यांतून येणारी जाणीव. कानाचा पाय डुगडुगतोय, तेव्हा उरलेले दोन काढून घेतले की माणूस पडतो. म्हणजे अंधार आणि मऊ किंवा उंचसखल जमीन. अंघोळीत डोळे मिटून डोक्यावर पाणी घेणं हा सगळ्यात सामान्य सापळा. बसून अंघोळ करा, भिंतीला पकडायला दांडी लावा, रात्री वाटेत मंद दिवा ठेवा. शिडी, गच्चीचा कठडा, एकट्याने पोहणं बंद. पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे ते कळेनासं होऊ शकतं.

झटके थांबलेल्या काळात व्यायाम सुरू करा, शक्यतो याचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून. मूळ व्यायाम फसवा सोपा आहे. हाताच्या अंतरावर कागदावर एक मोठं अक्षर, नजर त्यावर खिळवलेली, आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, अक्षर धूसर होणार नाही इतक्याच वेगाने. एक मिनिट, दिवसातून तीनदा, मग हळूहळू वाढवत जायचं. थोडं गरगरलं पाहिजे, अजिबात नाही तर उपयोग नाही. पण पाव तासात शांत झालं पाहिजे. पहिला आठवडा मला अगदी भिकार वाटला, तिसऱ्यात रस्ता ओलांडताना मान वळवता आली. झटके आठवड्याला येत असतील तर व्यायाम त्यांना थांबवत नाही, तेव्हा आधी झटके आटोक्यात आणायचे.

गाडी चालवणं हा विषय टाळू नका. झटका आधी कळवून येत नसेल तर आटोक्यात येईपर्यंत चावी दुसऱ्याच्या हातात. अनेक देशांत परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवणं बंधनकारकही असतं, तुमच्याकडचा नियम बघा.

आठवी पायरी: ऐकणं

चक्करेच्या धास्तीत कान मागे पडतो. चक्कर बऱ्याच जणांची वर्षांनी निवत जाते, गेलेलं ऐकू येणं बहुधा परत येत नाही. तेव्हा हे काम आजच सुरू करा.

एका कानाने ऐकू येत असेल तर आवाज कुठून आला ते कळत नाही. रस्त्यावर हे लक्षात ठेवा, हाक आली म्हणून गर्रकन वळू नका. बसताना चांगला कान बोलणाऱ्याकडे, गेलेला कान गोंगाटाकडे. बैठकीत कोपऱ्याची जागा आधी जाऊन धरा. लोकांना 'मोठ्याने बोला' म्हणू नका. दुखावलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा लगेच टोचतो, मधली जागाच उरत नाही. 'माझ्याकडे बघून, जरा सावकाश बोला' म्हणा. आणि 'काय?' असं विचारण्याऐवजी ऐकलेलं अर्धं परत म्हणा: "मंगळवारी, किती वाजता म्हणालात?" समोरचा फक्त राहिलेला तुकडा सांगतो आणि वैतागत नाही. सात की साठ, वीस की तीस, हे आकडे लिहूनच घ्या. यात मी एकदा चांगलीच फसले आहे.

श्रवणयंत्र 'निदान ठरल्यावर घेऊ' असं मी म्हणत राहिले. त्याची गरज नव्हती. ऐकणं कमी-जास्त होत असेल तर असं यंत्र मागा ज्यात चांगल्या आणि वाईट दिवसासाठी वेगळी मांडणी ठेवता येते, आणि पैसे देण्याआधी काही आठवडे वापरून बघा. एक कान पूर्ण गेला असेल तर त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारी यंत्रं असतात. यंत्रानेही शब्द कळत नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारा. कानातला आवाज यंत्राने बऱ्याच जणांचा दबतो, कारण बाहेरचं ऐकू येऊ लागतं. रात्री शांततेत तो वाढतो, तेव्हा खोलीत पंख्याची किंवा पावसाच्या ध्वनिमुद्रणाची हलकी साथ ठेवा.

दिवसभर ऐकण्याचा ताण घेतला की संध्याकाळी माणूस निष्प्राण होतो. ते आळशीपण नाही. मी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं कुणाशीही बोलत नाही, आणि सहकाऱ्यांना ते सांगून टाकलंय.

चांगल्या कानाची काळजीही याच पायरीत येते. वर्षातून एकदा दोन्ही कानांचा आलेख, गोंगाटात कानात बोळे, आणि चांगल्या कानात नवा दडा किंवा आवाज सुरू झाला तर त्याच दिवशी फोन.

शेवटची छोटी गोष्ट, पण बाहेर पडण्याआधी करा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. रस्त्यात लडखडणारा माणूस लोकांना प्यायलेला वाटतो आणि त्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. माझ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत असं आहे: 'मला आंतरकर्णाचा आजार आहे. ही चक्कर आहे, मी दारू प्यायलेली नाही. मला आडवं होऊ द्या, साधारण तासाभरात थांबते. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला येऊन बोला. जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला तर मात्र लगेच रुग्णालयात न्या.' खाली घरचा नंबर. आजारापुढचं प्रश्नचिन्ह मी तिथे लिहिलेलं नाही, चिठ्ठीत तेवढी जागा नव्हती.